रोगजंतूंचे बदलते रूप आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा : हेतू की निवड?

सारांश

एकदा होऊन गेलेला गोवर माणसाला सहसा पुन्हा होत नाही. इन्फ्लुएंझा मात्र आयुष्यात अनेकदा होतो. या साध्या अनुभवामागे रोगजंतू आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा यांच्यातील दीर्घ संघर्ष आहे. प्रस्तुत लेखात इन्फ्लुएंझा, ट्रिपॅनोसोम, मलेरियाचा परजीवी, एचआयव्ही आणि कोविड-१९चा विषाणू यांच्या आधारे रोगजंतूंचे बाह्यरूप कसे पालटते, याचा परामर्श घेतला आहे. गोवर आणि क्षय यांचे जंतू या मार्गाने का जात नाहीत, याचाही विचार केला आहे. ‘रोगजंतू प्रतिकार चुकविण्यासाठी बदलतात’ हे विधान सोयीचे असले, तरी शास्त्रीय दृष्ट्या ते अपुरे आहे आणि लसीकरणाविषयीच्या अनेक गैरसमजांचे मूळ त्यात आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : प्रतिजन, प्रतिपिंड, उत्परिवर्तन, नैसर्गिक निवड, लसीकरण.

१. प्रस्तावना

गोवर, कांजिण्या किंवा देवी एकदा येऊन गेल्या की माणूस त्या आजारातून कायमचा सुटतो, ही गोष्ट सूक्ष्मजीवशास्त्राचा उदय होण्यापूर्वीच लोकांना अनुभवाने ठाऊक होती. देवीच्या रोग्याची शुश्रूषा पूर्वी देवी येऊन गेलेल्या माणसाकडे सोपविली जाई, ती याच समजुतीने. शरीर शत्रूची ओळख ठेवते, हे सत्य त्या व्यवहारात गृहीत होते. या स्मृतीवरच लसीकरणाचे सारे शास्त्र उभे आहे. देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याची घोषणा १९८० साली झाली, ती या शास्त्राची सर्वांत मोठी सिद्धी होय.

परंतु सर्वच रोग असे नसतात. इन्फ्लुएंझा दर काही वर्षांनी पुन्हा गाठतो. मलेरियाग्रस्त प्रदेशातील मुलाला तो वर्षानुवर्षे वारंवार होतो. एचआयव्हीचा संसर्ग झालेल्या व्यक्तीच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे भरपूर आढळतात, तरीही विषाणू शरीरातून जात नाही. अशा ठिकाणी स्मृती असूनही ती उपयोगी का पडत नाही, हा प्रश्न निर्माण होतो.

२०२० नंतरच्या काळात हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता राहिला नाही. ‘लस घेतली, मग आजार झालाच कसा?’ हा प्रश्न महाविद्यालयातील प्रत्येक विद्याशाखेच्या अध्यापकाला विद्यार्थ्यांनी, शेजाऱ्यांनी आणि नातलगांनी विचारला. त्याचे उत्तर देताना आपण कोणती भाषा वापरतो, याला महत्त्व आहे. कारण चुकीच्या उत्तरातून लसीविषयीचा अविश्वास वाढतो आणि त्याची किंमत लहान मुलांना व वृद्धांना मोजावी लागते. म्हणूनच या विषयाची उकल सर्व विद्याशाखांच्या अध्यापकांपुढे मांडणे आवश्यक वाटते.

२. प्रतिकारयंत्रणा नेमके काय ओळखते?

शरीर संपूर्ण रोगजंतू ओळखत नाही. ते त्याच्या पृष्ठभागावरील अथवा अंतर्भागातील रेणूंचे लहान लहान भाग ओळखते. अशा ओळखीला कारण होणाऱ्या रेणूंना प्रतिजन म्हणतात. बी-पेशींपासून निर्माण होणारी प्रतिपिंडे या प्रतिजनांच्या विशिष्ट आकाराशी जुळतात आणि जंतूला चिकटून त्याला निष्प्रभ करतात. टी-पेशींचे काम निराळे असते. संसर्ग झालेल्या पेशी आपल्या पृष्ठभागावर जंतूच्या प्रथिनांचे तुकडे मांडतात. ते तुकडे ओळखून काही टी-पेशी त्या बाधित पेशीचाच नाश करतात. म्हणजेच प्रतिपिंडे प्रामुख्याने जंतूचे बाह्यरूप पाहतात, तर टी-पेशींना त्याच्या अंतर्भागातील प्रथिनांचाही सुगावा लागतो. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

येथे एक विलक्षण गोष्ट नमूद केली पाहिजे. अद्याप न पाहिलेल्या जंतूविरुद्ध शरीर तयार कसे असते? प्रतिपिंडांच्या जनुकांचे तुकडे निरनिराळ्या प्रकारे जोडून शरीर अगणित प्रकारच्या बी-पेशी आधीच घडवून ठेवते, हे सुसुमू तोनेगावा यांनी दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना १९८७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांपैकी ज्या पेशीचे प्रतिपिंड जंतूशी जुळते, तिचीच संख्या वाढते, हा निवडीचा सिद्धान्त मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ साली मांडला होता. याचा अर्थ असा, की शरीर जंतू पाहून त्याला अनुरूप शस्त्र घडवीत नाही. आधी असंख्य शस्त्रे घडतात आणि त्यांतून उपयोगी ठरेल ते निवडले जाते. आश्चर्य असे, की रोगजंतूंचा मार्गही तत्त्वतः हाच आहे.

३. बदल आधी, निवड नंतर

‘जंतूने लसीला चुकविण्यासाठी रूप बदलले’ असे वाक्य वृत्तपत्रांतून आणि कधी कधी पाठ्यपुस्तकांतूनही आढळते. या वाक्यात जंतूला हेतू आणि बुद्धी बहाल केली जाते. प्रत्यक्षात विषाणूला विचार नाही, स्मृती नाही आणि भविष्याची जाणीव तर नाहीच.

या संदर्भात साल्वादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक यांनी १९४३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आजही मार्गदर्शक आहे. जीवाणूंचा नाश करणारे काही विषाणू असतात. अशा विषाणूंच्या संपर्कात जीवाणू आणले असता बहुतेक मरतात, परंतु थोडे तगून राहतात. ही तगण्याची शक्ती विषाणूच्या संपर्कामुळे निर्माण होते, की ती आधीपासूनच काहींमध्ये असते? लुरिया व डेलब्रुक यांनी जीवाणूंची अनेक स्वतंत्र संवर्धने वाढविली आणि नंतर प्रत्येकातील तगणाऱ्यांची संख्या मोजली. संपर्कामुळेच शक्ती येत असती, तर सर्व संवर्धनांत ती संख्या जवळजवळ सारखी आली असती. प्रत्यक्षात बहुतेक संवर्धनांत एकही किंवा अगदी थोडे जीवाणू तगले, तर एखाद्या संवर्धनात त्यांची संख्या कितीतरी पटींनी अधिक भरली. जेथे उत्परिवर्तन वाढीच्या सुरुवातीलाच योगायोगाने घडले होते, तेथे त्याची संतती मोठी झाली, हाच त्याचा उलगडा होता. म्हणजे बदल आधी घडला होता. विषाणूने केवळ निवड केली.

जनुकीय द्रव्याची नक्कल होताना चुका होतात. डीएनएची नक्कल करणारी विकरे आपल्या बहुतेक चुका दुरुस्त करतात. आरएनए असलेल्या बहुसंख्य विषाणूंच्या विकरांत ही दुरुस्तीची सोय नसते. त्यामुळे त्यांच्या संततीत सतत वैविध्य निर्माण होते. त्यांतील कित्येक चुका विषाणूला मारकच ठरतात, काहींनी फारसा फरक पडत नाही आणि क्वचित एखादीमुळे प्रतिजनाचा आकार असा पालटतो, की जुने प्रतिपिंड त्याला चिकटत नाही. ज्या शरीरात वा ज्या समाजात असे प्रतिपिंड सर्वत्र आहे, तेथे हाच बदललेला विषाणू शिल्लक राहतो आणि वाढतो. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र विषाणूने जाणूनबुजून वेश पालटला, असे भासते.

४. इन्फ्लुएंझा : क्रमिक पालट आणि आकस्मिक पालट

मानवी इन्फ्लुएंझाचा विषाणू १९३३ साली प्रथम वेगळा करण्यात आला. त्याच्या पृष्ठभागावर हीमॅग्लुटिनिन आणि न्यूरॅमिनिडेज ही दोन प्रमुख प्रथिने असतात. एच१एन१, एच३एन२ यांसारख्या नावांतील ‘एच’ आणि ‘एन’ ही अक्षरे त्यांचीच निदर्शक होत. हीमॅग्लुटिनिनच्या साहाय्याने विषाणू श्वसनमार्गातील पेशींना चिकटतो. म्हणून प्रतिपिंडांचा मुख्य रोखही त्यावरच असतो.

या प्रथिनात वर्षानुवर्षे थोडा थोडा बदल साचत जातो, त्याला क्रमिक पालट म्हणता येईल. हे बदल प्रथिनाच्या सर्व भागांत सारखे परिणामकारक नसतात. १९६८ ते २००३ या काळातील एच३एन२ विषाणूंचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले, की प्रतिजनाच्या ओळखीतील मोठे फरक प्रथिनाच्या अवघ्या ७ जागांवरील बदलांनी घडून आले होते आणि या जागा पेशीला चिकटणाऱ्या खाचेच्या अगदी लगत होत्या. जेथे प्रतिपिंड बसले असता विषाणूची वाट अडते, नेमका तेथीलच बदल निवडीत टिकतो, असा याचा अर्थ आहे. याच कारणामुळे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर आणि दक्षिण गोलार्धांसाठी स्वतंत्रपणे, लसीत कोणते विषाणू असावेत याची शिफारस करते.

दुसरा प्रकार आकस्मिक पालटाचा. या विषाणूचा जनुकसंच एकसंध नसून ८ सुट्या तुकड्यांचा आहे. एकाच पेशीत दोन भिन्न इन्फ्लुएंझा विषाणू शिरले, तर त्यांच्या तुकड्यांची सरमिसळ होऊन सर्वस्वी नवा विषाणू बाहेर पडू शकतो. १९५७ सालच्या एच२एन२ विषाणूत पक्ष्यांच्या विषाणूंकडून आलेले ३ तुकडे होते. १९६८ सालच्या एच३एन२ विषाणूत असे २ तुकडे होते. अशा विषाणूच्या हीमॅग्लुटिनिनची ओळख बहुतेक मानवजातीला नसते आणि जगभर साथ पसरते. १९१८ सालच्या एच१एन१ साथीचा भारतातील प्रवेश त्या वर्षीच्या जूनमध्ये मुंबईत झाला. निरनिराळ्या अंदाजांनुसार भारतात तिने १.२ ते २ कोटी बळी घेतले.

२००९ सालच्या एच१एन१ साथीत भारतातील पहिला मृत्यू ऑगस्टमध्ये पुण्यात झाला. त्या साथीत एक गोष्ट लक्षणीय होती. तरुणांच्या मानाने वृद्धांत संसर्गाचे प्रमाण कमी होते. १९५७ पूर्वी जन्मलेल्यांनी १९१८च्या वंशातील एच१एन१ विषाणू लहानपणी अनुभवले होते आणि अर्ध्या शतकानंतरही ती ओळख काही अंशी उपयोगी पडली. उलटपक्षी, पहिल्या संसर्गाची स्मृती इतकी प्रबळ असते, की पुढील किंचित वेगळ्या विषाणूसमोरही शरीर जुनीच प्रतिपिंडे अधिक निर्माण करते. थॉमस फ्रान्सिस यांनी १९६० साली या घटनेला ‘मूळ प्रतिजनीय पाप’ असे काहीसे धर्मशास्त्रीय नाव दिले. स्मृती ही ठेव असते, तसे ते बंधनही असू शकते.

५. ट्रिपॅनोसोम : वेशांतराचा साठा

आफ्रिकेतील निद्रारोगाला कारण होणारा ट्रिपॅनोसोम हा एकपेशीय परजीवी पेशींच्या आत न लपता उघडपणे रक्तात वावरतो, तरीही महिनोन्‌महिने टिकतो. रोनाल्ड रॉस आणि डेव्हिड थॉमसन यांनी १९१० साली एका रुग्णाच्या रक्तातील परजीवींची दररोज मोजणी करून दाखविले, की त्यांची संख्या लाटांप्रमाणे वाढते आणि ओसरते.

या लाटांचे रहस्य पुढे उलगडले. ट्रिपॅनोसोमच्या सर्वांगावर एकाच प्रकारच्या प्रथिनाचे सुमारे १ कोटी रेणूंचे दाट आवरण असते. शरीर त्या आवरणाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते आणि बहुतेक परजीवी मरतात. परंतु तत्पूर्वीच काही थोड्यांनी आवरणाचे जनुक बदललेले असते. त्यांच्यापासून पुढची लाट उसळते. अशा आवरणांची दोन हजारांहून अधिक जनुके व अपूर्ण जनुके या परजीवीच्या जनुकसंचात साठविलेली आहेत. एका वेळी मात्र एकच वापरात असते. अपूर्ण जनुकांचे तुकडे जोडून सर्वस्वी नवी आवरणेही तयार होतात.

या उदाहरणाने तिसऱ्या विभागातील विधानाला मुरड घालावी लागते. येथे बदल केवळ नकलेतील चुकीवर अवलंबून नाही. वेश पालटण्याची यंत्रणाच उत्क्रांतीने परजीवीला दिली आहे. तथापि येथेही हेतू नाही. प्रतिपिंडे असोत वा नसोत, काही पेशींत आवरण बदलतेच. कोणते आवरण पुढे येणार, हे शरीरातील प्रतिपिंडे ठरवितात. बदलाची यंत्रणा ही स्वतःच पूर्वीच्या असंख्य निवडींचे फलित होय.

या विषयाचा महाराष्ट्राशी एक अनपेक्षित संबंध आहे. ट्रिपॅनोसोमची एक जाती, ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय, भारतात घोडे, उंट आणि गुराढोरांमध्ये सर्रा हा रोग निर्माण करते. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली तत्कालीन पंजाबात ती शोधून काढली. माणसाच्या रक्तातील एपोलायपोप्रोटीन एल-१ हे प्रथिन या जातीला मारक असल्याने माणसाला तिची बाधा होत नाही, असे मानले जाई. २००४ साली मात्र चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात हा परजीवी आढळला. सुमारे पाच महिने त्याला अधूनमधून ताप येत होता आणि रक्तातील परजीवींची संख्या वरखाली होत होती. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. त्याच्या दोन्ही संबंधित जनुकांत दोष असल्यामुळे ते संरक्षक प्रथिन त्याच्या रक्तात नव्हतेच, असे २००६ साली स्पष्ट झाले. जनावरांच्या या परजीवीला आपण रोज जे दार बंद ठेवतो, ते किती बारीक कडीवर टिकून आहे, याची ही एक खूण आहे.

६. मलेरिया : चिकटण्याची गरज आणि उघडे पडण्याचा धोका

फाल्सिपेरम मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशींत वाढतो. अशी बाधित पेशी प्लीहेत गेली, तर तेथे ती गाळली जाऊन नष्ट होते. हे टाळले जाते ते परजीवीच्या एका प्रथिनामुळे. हे प्रथिन बाधित पेशीच्या पृष्ठभागावर येते आणि पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून राहते. मेंदूतील रक्तवाहिन्यांत असे घडले, तर रोग प्राणघातक होतो. मात्र पृष्ठभागावर आल्यामुळे हे प्रथिन प्रतिपिंडांच्या दृष्टीसही पडते. या पेचातून वाट निघते ती विविधतेने. या प्रथिनाची सुमारे ६० जनुके एकेका परजीवीत असतात आणि एका वेळी त्यांतील एकच कार्यरत असते. शिवाय निरनिराळ्या परजीवींतील हे संच परस्परांहून भिन्न असतात.

म्हणूनच मलेरियाग्रस्त भागात वाढणाऱ्या मुलाला प्रतिकारशक्ती एका आजारपणात मिळत नाही. ती अनेक संसर्गांतून, वर्षांच्या हिशेबाने मिळते आणि तीही बहुधा तीव्र रोगापासून संरक्षण देण्यापुरती. गर्भवतींच्या बाबतीत याचे एक दुःखद प्रत्यंतर येते. नाळेला चिकटणारा या प्रथिनाचा विशिष्ट प्रकार पहिल्या गरोदरपणापूर्वी स्त्रीच्या शरीराने पाहिलेलाच नसतो. त्यामुळे लहानपणापासून प्रतिकारशक्ती मिळविलेली स्त्रीही पहिल्या खेपेस पुन्हा धोक्यात येते. पुढील गरोदरपणांत हा धोका कमी होत जातो.

लस तयार करणाऱ्यांनी यावरून योग्य धडा घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आरटीएस,एस आणि २०२३ साली आर२१ या लसींची शिफारस केली. त्यांपैकी आर२१ लसीचे उत्पादन पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूट करते. या दोन्ही लसी तांबड्या पेशींवरील बहुरूपी प्रथिनाला लक्ष्य करीत नाहीत. डासाच्या दंशातून शरीरात शिरणाऱ्या अवस्थेतील एका प्रथिनावर त्यांचा रोख आहे. तरीही वैविध्याचा प्रश्न सर्वस्वी टळत नाही. आरटीएस,एस लसीतील प्रथिनाशी जुळणाऱ्या परजीवींपासून मिळणारे संरक्षण न जुळणाऱ्यांच्या तुलनेत अधिक असते, असे २०१५ साली दिसून आले.

७. एचआयव्ही : एकाच शरीरातील उत्क्रांती

इन्फ्लुएंझाचे रूप समाजात पसरता पसरता पालटते. एचआयव्हीचे एकाच शरीरात पालटते. उपचार न घेतलेल्या रुग्णात दररोज सुमारे १,००० कोटी विषाणूकण निर्माण होतात, असा अंदाज १९९६ साली मांडण्यात आला. सुमारे ९,७०० अक्षरांच्या या जनुकसंचाच्या सरासरीने दर तीन नव्या प्रतींपैकी एकीत एखादी चूक होते. हा गुणाकार केला, तर एका अक्षराचा शक्य असलेला प्रत्येक बदल त्या एकाच शरीरात वारंवार घडत असला पाहिजे, हे सहज लक्षात येते. शरीर नवे प्रतिपिंड बनवीपर्यंत त्याला न जुमानणारा विषाणू तेथे हजर असतो. त्यात भर म्हणजे त्याच्या बाह्य प्रथिनावर शर्करारेणूंचे दाट आच्छादन असते. हे रेणू शरीराच्याच पेशींनी बसविलेले असल्याने प्रतिकारयंत्रणेला ते परके वाटत नाहीत.

परंतु सुटकेची किंमतही असते. एचएलए-बी५७ हा जनुकप्रकार असलेल्या व्यक्तींत टी-पेशी विषाणूच्या अंतर्भागातील आवरण-प्रथिनाच्या एका तुकड्यावर हल्ला करतात. तेथे उत्परिवर्तन झालेला विषाणू सुटतो खरा. पण त्याची वाढण्याची क्षमता घटते. हाच विषाणू एचएलए-बी५७ नसलेल्या दुसऱ्या व्यक्तीत गेला, की ते उत्परिवर्तन मागे पडून मूळ रूप परत येते. प्रत्येक बदल विषाणूला परवडतोच असे नाही, हे यावरून सिद्ध होते. विषाणूला जो भाग बदलणे परवडत नाही तो शोधणे, हीच लससंशोधनाची एक मुख्य दिशा आहे.

८. न बदलणारे रोगजंतू

सारेच रोगजंतू रूप पालटून तगत नाहीत. गोवराचा विषाणूही आरएनए विषाणूच आहे आणि त्याच्या नकलेतही चुका होतात. तथापि १९५४ साली वेगळ्या केलेल्या विषाणूपासून तयार झालेल्या लसी आजही प्रभावी आहेत. ज्या जागी प्रतिपिंडे बसतात, त्यांतील महत्त्वाच्या जागा पेशीला चिकटण्याच्या कामी येतात. तेथे बदल झाला, तर प्रतिपिंडाबरोबर पेशीही हातची जाते. चुका होणे वेगळे आणि चुका टिकणे वेगळे, हे गोवराच्या उदाहरणाने चांगले समजते.

क्षयाच्या जीवाणूची गोष्ट याहून नवलाची आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात असल्याने ती आपल्या दृष्टीने महत्त्वाचीही आहे. जगाच्या निरनिराळ्या भागांतील क्षयजंतूंच्या जनुकसंचांची तुलना २०१० साली प्रसिद्ध झाली. टी-पेशी ज्या भागांना ओळखतात, ते भाग बदललेले आढळतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तेच भाग सर्वांत अधिक स्थिर आढळले. याचा संभाव्य अर्थ असा, की ओळखले जाणे क्षयजंतूच्या हिताचे आहे. शरीराच्या प्रतिकारामुळेच फुप्फुसात पोकळ्या पडतात आणि खोकल्यावाटे जंतू दुसऱ्यापर्यंत पोचतात. येथे जंतू शरीराच्या प्रतिकारापासून पळत नाही. त्या प्रतिकाराचाच त्याला उपयोग होतो.

९. कोविड-१९ आणि नजीकचा अनुभव

कोविड-१९च्या विषाणूचा जनुकसंच सुमारे ३०,००० अक्षरांचा आहे. अन्य बहुतेक आरएनए विषाणूंहून वेगळी, चुका दुरुस्त करण्याची काहीशी सोय त्यात आहे. त्यामुळे त्याचे रूप सावकाश पालटेल, अशी प्रारंभी अनेकांची अटकळ होती. परंतु संसर्गांची संख्याच इतकी प्रचंड होती, की दुर्मीळ बदलही वारंवार घडले. २०२०च्या अखेरीस महाराष्ट्रातील नमुन्यांत बी.१.६१७ हा वंश दिसू लागला. मार्च २०२१ मध्ये ‘दुहेरी उत्परिवर्तन’ या नावाने त्याची चर्चा झाली. त्याच्याच एका शाखेला पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ‘डेल्टा’ हे नाव दिले. डेल्टाचे यश मुख्यतः वेगाने पसरण्याच्या क्षमतेत होते. प्रतिपिंडांना चुकविण्याची शक्ती त्यात मर्यादित होती.

नोव्हेंबर २०२१ मध्ये पुढे आलेल्या ‘ओमिक्रॉन’ची गोष्ट निराळी. तोवर जगातील मोठ्या लोकसंख्येला संसर्गाने अथवा लसीने प्रतिकारशक्ती प्राप्त झाली होती. अशा परिस्थितीत ज्याच्या काटेरी प्रथिनात ३०हून अधिक बदल होते, तो विषाणू सर्वत्र पसरला. पूर्वीच्या प्रतिपिंडांपैकी बरीच त्याच्यापुढे निष्प्रभ ठरली. टी-पेशींची ओळख मात्र बव्हंशी टिकून राहिली, कारण ती अनेक प्रथिनांच्या अनेक तुकड्यांवर विभागलेली असते. लसीकरण झालेल्यांना संसर्ग झाला, परंतु गंभीर आजाराचे प्रमाण कमी राहिले, त्याचे एक महत्त्वाचे कारण हे होय. ‘लस घेऊनही आजार झाला’ आणि ‘लसीचा उपयोग झाला नाही’ ही दोन विधाने समानार्थी नाहीत, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

१०. अध्यापनाच्या दृष्टीने काही विचार

वरील विवेचनावरून अध्यापकांसाठी तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली गोष्ट भाषेची. ‘जंतूने बदल केला’ याऐवजी ‘बदललेला जंतू टिकला’ असे म्हणण्यास अधिक शब्द लागत नाहीत; पण त्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात नैसर्गिक निवडीची कल्पना योग्य रीतीने रुजते. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंचा प्रश्नही त्याच सूत्राने समजतो.

दुसरी गोष्ट अशी, की लसीमुळे घातक रूपे ‘निर्माण’ होतात, हा आक्षेप तपासून घ्यावा लागतो. प्रतिकारशक्ती, मग ती लसीने आलेली असो वा आजाराने, निवडीचा दाब निर्माण करते हे खरे. परंतु बदल घडतात ते विषाणूच्या नकलेत. ज्या समाजात संसर्ग कमी, तेथे नकला कमी आणि म्हणून बदलांची संधीही कमी. गोवराचे आणि देवीचे उदाहरण याची साक्ष देते. इन्फ्लुएंझा-बी विषाणूचा यामागाता नावाचा वंश मार्च २०२० नंतर निश्चितपणे आढळलेला नाही. कोविडकाळातील निर्बंधांमुळे इन्फ्लुएंझाचा प्रसार जगभर थंडावला, त्या काळातील ही घटना आहे. प्रसार पुरेसा खुंटला, तर सतत बदलणारा वंशही लुप्त होऊ शकतो.

तिसरी गोष्ट विद्याशाखांच्या सहकार्याची. या विषयात जीवशास्त्राबरोबर संख्याशास्त्र आहे, लोकसंख्येचा भूगोल आहे, १९१८ सालचा इतिहास आहे आणि समाजाच्या विश्वासाचा प्रश्न आहे. जनावरांतील रोगांकडे पाहणारा पशुवैद्यक आणि माणसाकडे पाहणारा वैद्यक यांनी एकत्र विचार करण्याची गरज चंद्रपूरच्या घटनेने दाखवून दिली आहे.

११. निष्कर्ष

रोगजंतू आणि प्रतिकारयंत्रणा यांच्या संघर्षात दोन्ही बाजूंचे साधन एकच आहे : आधी विविधता आणि नंतर निवड. आपल्या बी-पेशी काही दिवसांत जे करतात, तेच विषाणू आपल्या संततीतून करतो. फरक इतकाच, की माणसाजवळ तिसरे साधन आहे. तो निरीक्षण करू शकतो, नोंदी ठेवू शकतो आणि पुढच्या पिढीला शिकवू शकतो. १९५२ साली पुण्यात सुरू झालेल्या आणि आज राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेसारख्या प्रयोगशाळांचे काम याच साधनाचा भाग आहे. विषाणूला उद्याची कल्पना नाही. आपल्याला ती करता येते. या क्षमतेचा लाभ समाजाला मिळावयाचा असेल, तर लस का लागते, ती कधी बदलावी लागते आणि ती घेऊनही आजार का होऊ शकतो, हे सामान्य माणसाला त्याच्या भाषेत सांगणारा अध्यापक हा प्रयोगशाळेइतकाच आवश्यक आहे.